मागच्या रांगेतलं संत्रं

अविनाशचा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याची डाळ निवडत होते. होळीला विमलताई येणार होत्या, आणि विमलताई येणार म्हणजे पुरण घरचं हवं, कटाची आमटी झणझणीत हवी आणि तुपाचं भांडं पानाशेजारीच हवं, हा आमच्या घरचा कायदा. अविनाश त्यांचा मुलगा, अकोल्याला असतो. एरवी फोन केला की आधी "मामी, काय करून राहिल्या?" असं विचारतो. त्या दिवशी त्याने काहीच विचारलं नाही. "आई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेऊन गेला तर त्या उठल्याच नाहीत… झोपेतच गेल्या. मी फोन ठेवला आणि वेड्यासारखी पुन्हा डाळ निवडायला बसले. माझी मुलगी सई आतून आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "आई, मग आता निकाल?" आणि भिंतीला टेकून लहानपणी रडायची तशी रडायला लागली.

हा निकाल कसला, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. विमलताई माझ्या थोरल्या नणंद. मी पुण्याची. लग्न होऊन अमरावतीला आले, तेव्हा आईने शिकवून पाठवल्याप्रमाणे त्यांना वाकून नमस्कार केला आणि "वन्सं" म्हटलं. त्या खो-खो हसल्या. "वन्सं का असते वं? ताई म्हन." मग माझा हात धरून मला शेजारी बसवलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "नाटक पायतं का? गान्याचं?" मला वाटलं, चला, आपल्या माहेरची ओळख पटली. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "हो तर, 'संगीत कनकवेली' मी लहानपणापासून पाहत आलेय." त्यांचे डोळे एकदम बारीक झाले. "त्यात नदीकाठची ओवी हाय का? तुमच्या पुन्याच्या कनकवेलीत?" मी म्हटलं, ओवी कुठली, त्यात एकूण एक पदं रागदारीतली आहेत. "मंग तू अर्धंच नाटक पायलं, पुनेकरीन." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमची पुणेकरीण झाले आणि आमचं भांडणही तिथेच सुरू झालं.

ज्यांनी हे नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कनकवेली ही राज्य गमावलेली राजकन्या. वेष पालटून रानोमाळ फिरते. तिसऱ्या अंकात ती नदीकाठी येते, आणि नावाडी नाव घेऊन येतो. तो खरा कोण हे तिला ठाऊक नसतं, प्रेक्षकांना मात्र पहिल्या अंकापासून ठाऊक असतं, आणि म्हणूनच मजा. विमलताईंनी हे नाटक पहिल्यांदा पाहिलं ते नवी नवरी म्हणून, अकोल्याला, तिथल्याच हौशी मंडळींनी शाळेच्या पटांगणात मांडव घालून केलेल्या प्रयोगात. त्या प्रयोगात म्हणे राजकन्या नदीकाठी एकटी उभी राहते, पलीकडे बघते आणि चक्क वऱ्हाडी ओवी म्हणते. "नदीच्या पल्याड, दिवा कोनाचा जयते… माहेराच्या वाटे, जीव माहा वयते." पहिल्यांदा ऐकली तेव्हा जयते म्हणजे जळतो आणि वयते म्हणजे वळतो हे मला समजावून सांगावं लागलं होतं. नुकतं माहेर सोडून आलेली बाई मांडवात ती ओवी ऐकते आणि पदर तोंडात धरून रडते… हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. आधी फक्त भांडल्या.

भांडायची आमची जागा म्हणजे थिएटर. कनकवेलीचं कुणी नव्याने काही करतंय, अमरावतीला नाहीतर अकोल्याला प्रयोग लागलाय असं कळलं की आम्ही दोघी जाणारच. अमरावतीशेजारच्या बडनेऱ्याहून मी गाडी पकडायची किंवा अकोल्याहून त्यांनी. त्यांची एक नाटकाची पिशवी होती, निळ्या खणाची. दाराआडच्या खुंटीला टांगलेली असे, नाटकापुरती खाली यायची आणि परत आल्यावर तशीच्या तशी खुंटीला जायची. त्या पिशवीत भाजी आणलेली त्यांना खपायची नाही, सुनेलाही नाही. आत एक पातळ शाल, पाण्याची बाटली, एक मोठा रुमाल आणि एक संत्रं. त्यांच्या सासरची बाग वरूडजवळ, त्यामुळे संत्र्यांना तोटा नव्हता. उन्हाळ्यात प्रयोग लागला तर त्या येतच नसत. "संत्र्याबिगर नाटक कायचं?"

आता हे संत्रं म्हणजेच निकाल. विमलताई नेहमी शेवटच्या रांगेत बसायच्या. "समोरच्या रांगेत कोनाचाबी गळा गोड लागते. मांगंपर्यंत येते तो खरा." संत्रं मांडीवर. नाटक चांगलं चाललं असेल तर हात त्यावर नुसते ठेवलेले, जणू मांजर बसलंय मांडीवर. पण कुठे बेसूर लागला, कुठे नट उगाच ओरडला, कुठे पद लांबत गेलं, की अंगठा सालीत शिरला. मनाविरुद्ध होईल तितकं सोलायचं, पटलं की थांबायचं. साली रुमालात. नाटक संपल्यावर कुणी "कसं वाटलं?" विचारलं, की त्या संत्रं समोर धरायच्या. "मले काहून विचारून राहिली? हे पाय ना." पूर्ण सोललेलं असेल तर फोड हातावर ठेवायच्या आणि विषय संपला.

पहिल्यांदा आम्ही दोघींनी मिळून जो प्रयोग पाहिला तो माझ्या माहेरच्या बाजूने आलेल्या मंडळींचा. मी मानाने त्यांना घेऊन गेले होते, जणू नाटक माझ्या वडिलांनीच काढलंय. मखमली पडदे, खरा ऑर्गन, नावाजलेल्या गायिका. गायिकाबाईंनी पहिलंच पद घेतलं आणि त्यात त्या अशा रमल्या, की राजकन्येचं राज्य गेलंय हे त्याही विसरल्या आणि आम्हीही. वन्स मोअर झाला. पुन्हा वन्स मोअर झाला. मी टाळ्या वाजवत होते आणि तेवढ्यात नाकाला वास आला… संत्र्याचा. मी वळून बघितलंच नाही. मध्यंतर व्हायच्या आत ते संत्रं सोलून झालं होतं, आणि विमलताई पिशवीत दुसरं शोधत होत्या. बाहेर आल्यावर मी रागाने बोलेना. त्या म्हणाल्या, "गळा सोन्याचा हाय तिचा, मी का नाई म्हन्तो? पन तिले नदी कुठी पार करायची होती? तिले त टाया पाह्यजे होत्या." मी म्हटलं, ताई, तुम्हाला शास्त्रीय संगीतातलं कळत नाही. त्या म्हणाल्या, "बरं, नाई कयत. संत्रं खातं का?" मी तणतणतच फोड घेतली. गोड होती, ते तेवढ्यापुरतं कबूल करते.

पुढचा प्रयोग अकोल्याला पाहिला. तो आटोपशीर अवतार होता, पदं निम्मी आणि साथ ध्वनिमुद्रित. नट तोंड हलवतात, गाणं मात्र भिंतीतून येतं. पहिल्या अंकात निम्मं साल उतरलं. दुसऱ्या अंकात लाइट गेले. ध्वनिमुद्रण बंद, माइक बंद, काळोख. कुणीतरी दोन टॉर्च आणले आणि त्या बिचाऱ्या मुलीने तशीच गायला सुरुवात केली, साथीशिवाय, थोडी घाबरत. विमलताईंचा हात थांबला. लाइट आल्यावर पुन्हा भिंतीतलं गाणं सुरू झालं आणि उरलेलं सालही गेलं. तेव्हा त्या जाता जाता व्यवस्थापकांना गाठून म्हणाल्या, "पुढच्या प्रयोगाले बी लाइट घालवा." ते गृहस्थ अजूनही विचार करत असतील, बाई रागावल्या होत्या की आशीर्वाद देत होत्या.

त्यांची आवड अशी सरळ रेषेत जायची असं मात्र नाही, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडायला मजा यायची. मधे काही तरुण मंडळींनी कनकवेली नव्या ढंगात आणलं. नदी म्हणजे एक निळं कापड, नाव नाहीच, राजकन्या काळ्या कुर्त्यात, ऑर्गनऐवजी एकच बासरी. मला पहिल्या पाच मिनिटांत संताप आला. मी कुजबुजले, "ताई, सोला ना, सोला!" त्या "श्शू" म्हणाल्या. संत्रं तसंच राहिलं, शेवटपर्यंत, एक ओरखडासुद्धा नाही. मी थक्क. बाहेर पडल्यावर आमची अशी जुंपली की रिक्षावाला मधे पडला. मी म्हणत होते, हे कनकवेली नव्हेच. त्या म्हणत होत्या, "पोरगी उभी राह्यली नं वं नदीकाठी! खरी उभी राह्यली. वाट पाह्यली तिनं." जराशाने पुस्ती जोडली, "ओवी मात्र नव्हती. हेयनंबी गायली." गायली म्हणजे गाळली. दरवेळी शेवटी गाडी तिथेच यायची. कुणीच ओवी घेत नाही, सगळ्यांनी मिळून नाटकाचा जीव काढून टाकला, हे त्यांचं ठाम मत. मी छापील पुस्तक आणून दाखवलं, त्यात ओवी नाही. त्या म्हणाल्या, छापणाऱ्याने गाळली.

आणि मग वरूडला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात तो प्रकार झाला. संत्र्याच्या बागेतच मांडव, पंगत बसलेली, रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली जात होती. आमच्या पंगतीला एक वयस्क गृहस्थ होते, अकोल्याचे, तरुणपणी नाटकांना ऑर्गनची साथ करत असत आणि त्याबद्दल सांगायला त्यांना कुणीही चालत असे. शाळेच्या पटांगणातल्या त्या प्रयोगाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "काय फजिती झाल्ती राजेहो! तिसऱ्या अंकाले नाव निंघेचना. खाली चाकं लावेल होते, एक चाक फळीच्या फटीत फसलं. नावाडी आत, राजकन्या बाहेर. ती पोरगी किती येळ उभी राह्यन? मी पेटीवर सूर धरून ठेवला, आन् तिनं आपल्या मायची जात्यावरची ओवी लावून देल्ली. थ्या टायमात आमी चौघांनी नाव उचलली." सगळी पंगत हसली. मी मात्र विमलताईंकडे बघितलं नाही. बघवेना. इतक्या वर्षांचं भांडण मी एका क्षणात जिंकले होते, आणि मला ते मुळीच जिंकायचं नव्हतं.

त्यांनी रोडगा तुपात चुरला. सावकाश घास घेतला. मग त्या गृहस्थांना म्हणाल्या, "मंग नाटककारानं लिहाले पाह्यजे होती ते. त्याले सुचली नाई, हे त्याची चूक." पंगत पुन्हा हसली, मीही हसले. पण त्यानंतर त्यांनी ओवीचं नाव काढणं बंद केलं. मी मुद्दाम छेडलं तरी "जाऊ दे वं, फसलेलं चाक होतं ते," म्हणायच्या. मला ते ऐकवत नसे. त्यांचं चुकलेलं मला चाललं असतं, त्यांचं गप्प बसणं चालत नव्हतं.

मला चाललं नाही, आणि सईला तर मुळीच चाललं नाही. सई इथे अमरावतीत नाटकं बसवते. आत्याच्या कडेवर बसून तिने पहिलं नाटक पाहिलं, आत्याच्या हातची फोड खाल्ली. यंदा तिने कनकवेली करायला घेतलं आणि जाहीर केलं, की तिसऱ्या अंकात ओवी असेल. "फसलेल्या चाकासकट?" मी विचारलं. "चाक नको. नाव उशिरा येईल, बस," ती म्हणाली. ओवीची चाल मात्र विमलताईंखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, ऑर्गनवाल्यांना नुसता सूर आठवत होता. सईने फोन लावला. पहिल्यांदा त्या साफ नाही म्हणाल्या. "चुकीचं होतं ते पोरी, काहून मांडून राहिली?" सईही त्यांचीच भाची. रोज फोन करत राहिली. एका दुपारी पलीकडून कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज, आणि त्यातून तो आवाज आला, थोडा कापरा, पण सुरात पक्का. "नदीच्या पल्याड…" सई वहीबिही न घेता नुसती ऐकत राहिली. गाणं संपल्यावर विमलताई म्हणाल्या, "आता ऐक. मी शिकोली म्हनून मी खूश होईन, असं समजू नको. संत्रं घेऊन येतो." आमच्याकडे बायाही 'येतो' म्हणतात, आणि विमलताई म्हणायच्या तेव्हा ती धमकी वाटायची.

फेब्रुवारीत प्रयोग झाला. त्या आल्या, निळी पिशवी घेऊन, शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. माझी मात्र पंचाईत. प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी ऐनवेळी तापाने पडली आणि सईने मला विंगेत उभं केलं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच मी कनकवेली त्यांच्याशेजारी बसून पाहिलं नाही. विंगेतून शेवटची रांग दिसत नाही. मी दर पदानंतर हवेत नाक वर करून हुंगायचे. पण विंगेत पावडर, घाम आणि नव्या रंगाचा वास, त्यात संत्र्याचा काय पत्ता लागणार? तिसऱ्या अंकात कनकवेली नदीकाठी उभी राहिली. नाव आली नाही. ऑर्गनचा एकच सूर धरलेला होता. मग तिने ओवी सुरू केली, आणि सगळं थिएटर असं गप्प झालं की मला माझ्या हातातली पानं फडफडलेली ऐकू येत होती. मी रडले. मी, पुणेकरीण! समोर राजकन्या वऱ्हाडीत गातेय आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही.

संपल्यावर झुंबड उडाली. अविनाशला सकाळची ड्यूटी होती, तो गाडी सुरू करून उभा. विमलताई विंगेशी आल्या, सईच्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, "जेवून घे आंधी. तोंड पाय कसं सुकलं." आणि गेल्या. पिशवी खांद्याला, तिचं तोंड गाठ मारून बांधलेलं. दुसऱ्या दिवशी सईने फोन केला. "आत्या, निकाल?" "फोनवर सांगाची गोष्ट हाय का ते? होळीले येतो, तवा सांगतो." खळखळून हसल्या. आम्हाला वाटलं, छळून राहिल्या. छळतच होत्या. होळीच्या आधी गेल्या.

त्या गेल्यावरच्या दिवसांत सईचं काही ठीक नव्हतं. अकोल्याहून तिच्या नाटकाला बोलावणं आलं होतं, ती हो म्हणेना, नाही म्हणेना. एकदा जेवता जेवता म्हणाली, "सगळ्यांनी छान म्हटलं गं. पण मी ते तिच्याचसाठी केलं, आणि तिला ते आवडलं की तिने नुसतं मनाला लावून घेतलं, ते मला आता कधीच कळणार नाही." मी समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "तू बघितलंस का संत्रं? नाही ना? मग."

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी अकोल्याला गेलो होतो. अविनाशच्या बायकोने जेवायला थांबवून घेतलं. विमलताईंची खोली तिने आवरली होती. पलंगावर धुतलेली चादर, खिडकीत त्यांचा चष्मा. दार ओढून घेतलं आणि दाराआडच्या खुंटीला ती दिसली, निळी पिशवी. सून म्हणाली, "तिले हात लावाले भ्या वाटते मले. आईनं लावूच नाई देल्ला कधी." सईने ती खाली घेतली. गाठ बसलेली होती. तिने दातांनी सोडवली. शाल निघाली, रिकामी बाटली निघाली, गुंडाळलेला रुमाल निघाला, आणि तळाशी संत्रं. वाळून आक्रसलेलं, लिंबाएवढं झालेलं, लाकडासारखं कडक, पण सालीसकट. अख्खं. सईने ते दोन्ही हातांत धरलं आणि पलंगावर बसली. मग तिने ते उलटं केलं, आणि देठाशी एक जागा दिसली, नखाएवढी. तिथलं साल निघालेलं होतं. रुमाल उलगडला, तर त्यात तेवढाच वाळका तुकडा.

कितीतरी वेळ आम्ही त्या नखाएवढ्या जागेकडे बघत होतो… म्हणजे एवढ्या मोठ्या नाटकात एकदाच, फक्त एकदाच, अंगठा शिरला होता. ओवीच्या वेळी नक्कीच नाही. आपल्या ओवीला त्या साल काढतील? मी डोळे पुसले आणि म्हणाले, "नांदी असणार. तुझी नांदी जरा पडलीच होती." सईने नाक ओढलं. रडत रडत हसत म्हणाली, "नांदी एकदम सुरात होती, आई. दुसऱ्या अंकात तुझं प्रॉम्प्टिंग मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं." मी म्हटलं, शक्यच नाही. ती म्हणाली, विचार कुणालाही. अविनाशची बायको चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी विमलताईंच्या पलंगावर बसून तावातावाने भांडत होतो, आणि ती दारातच थबकून म्हणाली, "आई असत्या त मस्त मजा पाह्यली असती तुमची."

संत्रं पुन्हा पिशवीत ठेवलं, पिशवी पुन्हा खुंटीला. सईने तिथूनच फोन करून अकोल्याच्या प्रयोगाला हो सांगितलं. शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी ठेवायची, अशी तिची अट आहे. त्या खुर्चीशेजारी मी बसणार, ताजं संत्रं मांडीवर घेऊन. प्रॉम्प्टिंगला तिने दुसरं माणूस बघितलंय.